टिटवीची शुद्ध प्रत

‘शुद्ध’ हा शब्द मराठीत फार मानाचा आहे. तूप शुद्ध असावे लागते, हेतू शुद्ध असावा लागतो, आणि भाषाही. ज्यांच्या घरी तूप असते त्यांची भाषा बहुधा जन्मतःच शुद्ध निघते; इतरांना ती शाळेत जाऊन, कान धरून, मिळवावी लागते.

अनिसा कागदी यांनी ती तशीच मिळवली होती. जुन्नरच्या पेठेतले त्यांचे घराणे एके काळी हातकागद करणारे. पुढे कागद गेला, आडनाव राहिले. लहानपणी अनिसाच्या जिभेवर ‘ळ’ बसत नसे. ती ‘शाला’ म्हणे, ‘फला’ म्हणे. वर्ग हसे, आणि गुरुजी वर्गाला गप्प करण्याऐवजी अनिसालाच फळ्याशी उभी करून ‘काळा कावळा’ म्हणायला लावत. ती ते इतके म्हणाली, की पुढे वक्तृत्वस्पर्धेत परीक्षकांनी तिच्या उच्चारांचे भरभरून कौतुक केले आणि वर ‘वाटत नाही हं’ असेही म्हणाले. काय वाटत नाही, ते त्यांनी सांगितले नाही. तिनेही विचारले नाही. घरी आई, चांदबी, शेवटपर्यंत ‘शाला’च म्हणत राहिली. एकदा मैत्रिणींसमोर अनिसाने तिला दुरुस्त केले. त्यानंतर मैत्रिणी आल्या, की चांदबी चहा ठेवून आतल्या खोलीत जाऊन बसे, आणि अनिसाला वाटे, आईला काम फार असते.

आता अनिसाबाई घोडेगाव–मंचर रस्त्यापासून आत असलेल्या एका वस्तीच्या शाळेत शिकवत होत्या. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्याला तीन पायऱ्या आणि मुलांनी साली सोलून काढलेला एक कडुनिंब. या शाळेला पुण्याच्या एका संस्थेकडून टॅब मिळाले. संस्थेचे हेतू शुद्ध होते. टॅबमध्ये ‘बोलका वर्ग’ नावाचे ॲप होते: पडद्यावर गोष्टीची अक्षरे, आतून सांगणारीचा आवाज, आणि आवाज ज्या शब्दावर येईल तो शब्द पिवळा होणार. मुलाने बोट ठेवून मागोमाग वाचायचे. कल्पना चांगलीच होती. अडचण एवढीच, की आतली बाई बातम्या दिल्यासारखी बोले आणि तिच्या गोष्टीतली मुले सुट्टीत समुद्रावर जात. वस्तीतली मुले तिचे अदबीने ऐकून घेत, आणि पिवळा रंग चार शब्द पुढे निघून गेला तरी बोट होते तिथेच ठेवत.

ॲपमध्ये आपल्या आवाजात गोष्ट भरायचीही सोय आहे, असे संस्थेचा समन्वयक अमृत याने दाखवून दिले. अमृत हा मोटारसायकलवरून तालुका पालथा घालणारा नम्र आणि कष्टाळू तरुण होता. त्याला वाटले, बाई स्वतःच्या आवाजात गोष्टी भरतील. बाईंच्या मनात वेगळेच आले. त्यांनी मुलांच्या आयांना बोलावले.

अक्षदा तिसरीत होती आणि वाचनात सगळ्यांच्या मागे होती. तिची आई इंद्रायणी मंचरच्या बाजारात कांदा निवडायला जाई. ती शाळेत आली तेव्हा केसांत कांद्याची गुलाबी टरफले अडकलेली होती आणि घसा बसलेला होता. मला लिवाय बी येत न्हाई, मी काय गोष्ट सांगू, असे म्हणत तिने आधी पुष्कळ आढेवेढे घेतले. मग टॅबसमोर मांडी घालून बसली, पदर खोचला आणि सुरू झाली. अक्षदा तिच्या गुडघ्याला टेकून उभी होती.

“एक व्हती टिटवी. तिला घर न्हाई, दार न्हाई. तिनं काय केलं, नांगरलेल्या रानात ढेकळाच्या आडूशाला अंडी घातली. मंग आला नांगरवाला. टिटवी म्हनली, दादा, माज्या घरावरनं नांगर न्हिऊ नगं. त्यो म्हनला, आगं यडे, घर कुटंय? – आके, नाक पूस आदी. – टिटवी म्हनली, म्या हाय तितं घर हाय.”

मधले वाक्य टिटवीचे नव्हते, हे सांगायला नको. पण ते त्याच सुरात, त्याच श्वासात आले होते, आणि पुन्हा सगळे पहिल्यापासून भरायला इंद्रायणीला सवड नव्हती. बाजाराची गाडी फाट्यावर उभी होती. अनिसाबाईंनी ते तसेच राहू दिले. पडद्यावरचा मजकूर मात्र त्यांनी स्वतः टाईप केला, आणि तो अर्थातच पुस्तकी मराठीत: ‘एक होती टिटवी. तिला घर नव्हते, दार नव्हते.’ नाक पुसण्याचा उल्लेख त्यात नव्हता.

परिणाम असा झाला, की मुलांचे डोळे ‘होती’ वाचत, कान ‘व्हती’ ऐकत, आणि दोन्ही एकच, हे कोणी न सांगता त्यांना कळे. लिहायची भाषा आणि बोलायची भाषा या एका आईच्या लेकी आहेत, हे सिद्ध करण्यासाठी विद्यापीठांतून परिसंवाद भरतात, निबंध वाचले जातात, प्रवासभत्ता घेतला जातो. या वस्तीवर ते तिसरीच्या पोरी बोटाने सिद्ध करत होत्या. अक्षदा टिटवीच्या मागोमाग वाचायला लागली. आधी ‘टिटवी’ एवढाच शब्द, मग ओळ, मग सगळे. बोट पिवळ्या रंगाच्या पुढे धावू लागले.

दिवाळी झाली, आणि मंचरजवळ हमरस्त्यावर कांदा निवडणाऱ्या बायकांच्या पिकअपला मागून ट्रकची धडक बसली. बाकीच्या बायका हातापायांवर निभावल्या. इंद्रायणी गेली.

दहावा झाल्यावर अक्षदा शाळेत आली ती दप्तर ठेवून थेट टॅबच्या कपाटाशी जाऊन उभी राहिली. अनिसाबाईंनी काही न विचारता टॅब काढून दिला. तेव्हापासून रोज वाचनाच्या तासाला ती टिटवीच लावी. “घर कुटंय?” झाले की मान किंचित वर करी, आणि आईने सांगितल्याबरोबर बाहीने नाक पुसे. नाकाला काही नसले तरी पुसे. इतर मुलांना ती जागा ठाऊक झाली होती. तिथे वर्ग आपसूक गप्प होई. शेंबड्या पोरांची थट्टा करण्यात पटाईत असलेला एक पोरगाही तेवढ्यापुरता खिडकीबाहेर बघे.

तिच्या बापाकडे, गोकुळकडे, बायकोचा आवाज नव्हता. फोन बटणांचा; आणि एका घरात राहणाऱ्या माणसाचा आवाज कोणी साठवून ठेवत नाही. एकदा तो खिडकीबाहेर उभा राहून ऐकून गेला. आत आला नाही.

त्या हिवाळ्यात ॲपची नवी आवृत्ती आली. अमृतने ती हौसेने प्रत्येक टॅबमध्ये घालून दिली. आता हे ॲप म्हणे नुसते बोलत नव्हते, तपासतही होते: भरलेला आवाज आणि लिहिलेला मजकूर जुळतो की नाही ते पाही आणि जुळला नाही, तर तो शब्द लाल करी. बातम्यांसारखे बोलणाऱ्या बाईच्या सगळ्या गोष्टी स्वच्छ काळ्या राहिल्या. आयांच्या गोष्टी उघडल्या, तर पडद्यावर गोवर उठल्यासारखे झाले. टिटवी नखशिखान्त लाल होती. वर एक चौकट आली: ‘उच्चारात अशुद्धता आढळली. दुरुस्त करावी का? मूळ आवाज कायम राहील.’

घोडेगावला सगळ्या शाळांचे टॅब मांडून साहेबलोक बघणार होते, हेही अमृतने सांगितले. अनिसाबाई त्या लाल शब्दांकडे पाहत राहिल्या. कुठेतरी एक वर्ग हसत होता.

“इंद्रायणीचा आवाज राहील ना रे?” त्यांनी विचारले.

“आवाज तोच राहतो, बाई. हुबेहूब. फक्त उच्चार सुधारतो.”

बाईंना ‘आवाज’ म्हणजे इंद्रायणी असे वाटले होते. यंत्राला ‘आवाज’ म्हणजे तिचा गळा असे अभिप्रेत होते. कोशात दोन्ही अर्थ शेजारी शेजारी दिलेले असतात, म्हणून कोणी फसवले असे म्हणता येत नाही. अमृत प्रामाणिक होता, बाईही प्रामाणिक होत्या. असल्या कामांना प्रामाणिक माणसेच लागतात. बाईंनी ‘होय’वर बोट ठेवले.

दुसऱ्या दिवशी वाचनाच्या तासाला अक्षदाने टॅब मांडीवर घेतला.

“एक होती टिटवी,” इंद्रायणी म्हणाली. “तिला घर नव्हते, दार नव्हते.”

गळा तोच. कांद्याच्या धुळीने बसलेला, वाक्याच्या शेवटी किंचित चिरकणारा. श्वासही तिचाच. त्या गळ्यातून नांगरवाला म्हणाला, “अगं वेडे, घर कुठे आहे?” आणि लगेच, मध्ये निमिषभरही न थांबता, टिटवी म्हणाली, “मी आहे तिथे घर आहे.” मजकुरात नसलेले वाक्य यंत्राने आजूबाजूचा गोंगाट समजून गाळले होते.

अक्षदाची बाही नाकापर्यंत येऊन थांबली होती. तिने गोष्ट मागे नेली आणि पुन्हा लावली. पुन्हा हात वर आला, पुन्हा थांबला. वर्ग सवयीने गप्प झाला होता. थोड्या वेळाने त्यालाही कळेना, की आता गप्प का राहायचे. अनिसाबाई खडू हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकले होते, आणि आपण काय केले ते त्यांना समजले होते. पोर रडेल, किंचाळेल, टॅब फेकेल, अशा तयारीने त्या तिच्याजवळ जाऊन बसल्या.

अक्षदा रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य होते आणि आश्चर्याच्या काठाला जराशी फुशारकी.

“बाई,” तिने हळूच विचारले, “आई तिकडं शाळंत जाती का?”

शिक्षणशास्त्राच्या पदविकेत या प्रश्नाची तयारी करून घेत नाहीत. अनिसाबाईंना खरे सांगायचे होते. पण खरे म्हणजे, तुझी आई मी पुसली. ते त्यांच्या तोंडून निघेना. त्या म्हणाल्या, “हो. जात असेल.”

“तरीच,” अक्षदा म्हणाली. “शाळंतनं माजं नाक दिसत नसंल तिला.”

त्या दिवसापासून अक्षदा सुधारू लागली. हा शब्द अमृतचा. प्रगतीचा आलेख दाखवताना त्याने तो वापरला. ती प्रत्येक गोष्टीचा पुस्तकातला शब्द विचारी आणि तोच वापरी. ‘न्हाई’ गेले, ‘नाही’ आले. ‘तितं’ गेले, ‘तिथे’ आले. मैत्रिणी तिला ‘टीव्हीतली बाई’ म्हणून चिडवू लागल्या, तर ती त्यांचेही उच्चार सुधारी. पडद्यावर तिच्या नावापुढे हिरवे तारे जमले. घोडेगावच्या मांडणीत तिचे वाचन साहेबांना ऐकवण्यात आले; ग्रामीण मुलीच्या वाणीतील ही स्पष्टता तंत्रज्ञानाचे यश आहे, असे मत एका साहेबांनी समोशाचा घास गिळून व्यक्त केले. आईविना पोर आहे, असे कोणीतरी त्यांना सांगितल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, मग तर अधिकच.

गोकुळ शाळेत आला तो त्यानंतर. आत यायला सांगितले तरी दारातच उभा राहिला. आधी त्याने उपकार मानले, आणि ते मनापासून होते. पोरगी लई हुशार झाली, म्हणाला. तिच्या आईला लई हौस व्हती. मग टोपी हातात फिरवत राहिला. मग हळूहळू बाहेर आले, की पोरगी घरात बोलत नाही. बोललीच तर आजीच्या चुका काढते. त्याची आई साळुबाई पहिल्यांदा हसली होती. “बरं बाय मास्तरीन, कर मला नापास,” म्हणाली होती. मग एकदा ती रात्रीच्या जेवणाला नातीला टिटवीचीच गोष्ट सांगायला बसली, आणि पहिल्या शब्दालाच नातीने तिला थांबवले. तेव्हापासून साळुबाई, नात शाळेतून आली की गोठ्यात जाऊन बसते. म्हणते, म्हशीचं बघायचंय.

अनिसाबाईंना चांदबीची आतली खोली दिसली. काम फार असते, असे आपल्याला वाटत असे, तेही आठवले.

“म्यां इचारलं पोरीला, का गं आशी करती?” गोकुळ म्हणाला. “तर म्हनती, आईला आता तुमचं बोलनं कळायचं नाही. मी बी तुमच्यासारकं बोलले, तर मला वळखायची नाही.” त्याने टॅबच्या कपाटाकडे पाहिले. “बाई, त्ये आदीचं लावा की येकदा. ती आकीला वरडती त्ये. पोरीला बी कळंल, आन् मला बी...” पुढचे त्याने टोपीलाच सांगितले.

बाईंनी तिथल्या तिथे अमृतला फोन लावला. अमृतने मनापासून शोधले. संध्याकाळी त्याने उलट फोन केला. मूळ फायली राहिल्या नव्हत्या. दुरुस्ती झाली, की अशुद्ध प्रत आपोआप काढून टाकली जाते; दोन्ही शिल्लक राहिल्या तर मुलांचा गोंधळ उडतो, असा तज्ज्ञांचा सल्ला होता. पण त्याने एक मार्ग सुचवला. आवाजाचा नमुना यंत्राकडे आहेच. बाईंनी हवे ते वाक्य टाईप करावे, तो आवाज ते बोलून दाखवेल. कोणतेही वाक्य, बाई. तो हे आनंदाने सांगत होता.

दुसऱ्या दिवशी मुले येण्याआधी अनिसाबाईंनी टाईप केले: ‘आके, नाक पूस आदी.’ ‘आके’ लाल झाले. ‘आदी’ लाल झाले, आणि त्याच्या डोक्यावर यंत्राने अदबीने सुचवले: ‘आधी’. बाईंनी ते बोलायला न लावता टॅब बंद करून कपाटात ठेवला.

शाळा सुटण्याच्या वेळी गोकुळ आला. मूळ प्रत गेली, असे त्यांनी त्याला सांगितले. आपणच होय म्हणालो होतो, हेही सांगितले. तो रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते.

“मला वाटलं व्हतं, मिशनीत भरलेलं मरत न्हाई,” तो म्हणाला. मग जरा वेळाने, जणू बाईंचीच समजूत काढावी तसा: “जाऊ द्या. पोरीला पाठ हाय की. रोज ऐकलंय तिनं. तिच्याकडनंच वदवून घ्या. तुमचं ऐकंल ती.”

हे बाईंना सुचले नव्हते. खरेच, यंत्रातून गेले म्हणून पोरीतून कसे जाईल? मुले गेल्यावर त्यांनी अक्षदाला थांबवून घेतले. गोकुळ बाहेर पायरीवर जाऊन बसला. चपला काढून बाजूला ठेवल्या, टोपी गुडघ्यावर ठेवली.

“टॅब नको,” बाई म्हणाल्या. “तूच सांग मला टिटवीची गोष्ट. आई सांगायची तशी.”

अक्षदा ताठ उभी राहिली. हात बाजूला घेतले. “एक होती टिटवी,” ती म्हणाली. “तिला घर नव्हते, दार नव्हते.”

“तशी नाही, बाळ. आई इथे बसून सांगत होती ना, तशी.”

अक्षदाने त्यांच्याकडे जरा नवलाने पाहिले. “आई अशीच सांगते, बाई,” ती म्हणाली.

बाईंनी आणखी एकदा सांगून पाहिले. पोरीने डोळे मिटून घेतले, ओठ हलवले. आत कुठेतरी शोधत होती, हे दिसत होते. तिला जे सापडले ते असे: “तिने नांगरलेल्या शेतात ढेकळाच्या आडोशाला अंडी घातली. मग नांगरवाला आला.” प्रत्येक शब्द निवडलेल्या कांद्यासारखा स्वच्छ, एका मापाचा. पायरीवरची पाठ हलली नाही.

“तो म्हणाला, अगं वेडे, घर कुठे आहे?”

आणि अक्षदा थांबली. का थांबली, ते तिला ठाऊक नव्हते. हात किंचित वर आला होता, आणि त्याचे काय करायचे हे न कळल्यासारखा हवेतच राहिला होता. बाहेर गोकुळने मान वळवली.

त्या जागेत काय असायचे, हे वर्गातली पोरे सोडली तर आता जगात दोन-तीन माणसांनाच ठाऊक होते, आणि त्यातल्या एकीच्या समोर ती जागा उघडी पडली होती. अनिसाबाईंनी ते वाक्य रोज ऐकले होते. त्यातला हेल त्यांना पाठ होता; मायेने नव्हे, घाईने म्हटलेले ते वाक्य, फाट्यावर उभ्या असलेल्या गाडीकडे अर्धे लक्ष ठेवून. त्यांनी श्वास घेतला.

“आके,” त्या म्हणाल्या, “नाक पूस आधी.”

‘द’ नव्हे, ‘ध’ पडला. टपोरा, पूर्ण, छातीतून आलेला. परीक्षकांनी मान डोलवावी असा. तीस-चाळीस वर्षांच्या मेहनतीने बसवलेली जीभ ऐनवेळी आपल्या मालकिणीला दगा देत नाही.

अक्षदाने डोळे उघडले.

“हो, बाई,” ती म्हणाली. फ्रॉकच्या खिशातून घडी केलेला रुमाल काढून तिने नाक पुसले, रुमालाची पुन्हा घडी घातली, हात बाजूला घेतले आणि पुढे सांगू लागली: “टिटवी म्हणाली, मी आहे तिथे घर आहे.”

पायरीवर गोकुळने टोपी डोक्यावर ठेवली, चपला पायात सरकवल्या, आणि मुलीची गोष्ट संपेपर्यंत तो पाठमोरा उभा राहिला.